काळ्या जमिनीवर कृत्रिम हिरवळीचे छोटे क्रीडांगण

अलीकडे तालुक्याच्या गावांलगत, कृषी पर्यटन केंद्रांवर आणि काही शेतकऱ्यांच्या घरामागील मोकळ्या जागेत कृत्रिम हिरवळीची क्रीडांगणे दिसू लागली आहेत. लोक त्यांना ‘टर्फ’ म्हणतात. घरच्या मुलांना खेळायला जागा मिळते, गावातील तरुण सायंकाळी व्यायाम करतात आणि काही ठिकाणी तासाप्रमाणे भाडेही मिळते. त्यामुळे या कामाबाबत शेतकऱ्यांकडून विचारणा होत असते.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश व सोलापूर या भागांत मोठ्या प्रमाणावर भारी काळी जमीन आहे. कपाशी, ज्वारी, तूर, हरभरा यांना ही जमीन मानवते. बांधकामाला मात्र ती अवघड जाते. जांभ्याच्या किंवा मुरमाड जमिनीवर जे क्रीडांगण दहा वर्षे सपाट राहते, ते त्याच पद्धतीने काळ्या जमिनीवर केले तर एक-दोन पावसाळ्यांत कुठे फुगते, कुठे खचते. चेंडू वेडावाकडा उसळतो, पाणी साचते आणि धावणाऱ्या मुलाचा पाय मुरगळतो. वरचा गालिचा चांगला असूनही संपूर्ण खर्च वाया जातो. म्हणून या लेखात गालिच्यापेक्षा त्याच्या खालच्या कामाची माहिती अधिक दिली आहे.

काळी जमीन का हलते?

काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते आणि त्या चिकणमातीत मुख्यतः माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे असतात. या खनिजांची रचना वहीच्या पानांसारखी थरांची असते. थरांमध्ये पाणी शिरले की थर एकमेकांपासून दूर सरकतात व माती फुगते. पाणी निघून गेले की थर जवळ येतात व माती आकसते. चैत्र-वैशाखात पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यात त्यांचे बुजणे हे याचेच दृश्य रूप होय. कोकणातील जांभ्याच्या मातीत प्रामुख्याने केओलिनाइट हे खनिज असते. त्याचे थर घट्ट बांधलेले असल्याने ती माती फारशी फुगत नाही. याच कारणाने एका भागातील ठेकेदाराची कृती दुसऱ्या भागात जशीच्या तशी लागू पडत नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. माती सतत ओली असेल तर ती हलत नाही. सतत कोरडी असेल तरीही हलत नाही. ती हलते ओल बदलली म्हणजे. आपल्याकडील काळ्या जमिनीत ऋतुमानाप्रमाणे होणारा ओलाव्याचा फरक साधारण दीड ते साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो. एवढी माती काढून टाकणे कोणालाच परवडणार नाही. तेव्हा क्रीडांगणाखालची ओल बारा महिने शक्य तितकी सारखी ठेवणे हाच खरा उपाय आहे. पुढील प्रत्येक पायरी याच उद्देशाने सांगितली आहे.

जागेची निवड

१. चांगल्या पिकाची जमीन या कामाला वापरू नये. एकदा मुरूम दाबून व चुना मिसळून जमीन पक्की केली की तिला पुन्हा वहितीखाली आणणे फार कठीण जाते. घराजवळची बरड जागा, जुने खळे किंवा उथळ माती असलेला तुकडा निवडावा.

२. जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच असावी. सखल भागात पाणी मुरत राहते.

३. ऊस किंवा वारंवार पाणी दिल्या जाणाऱ्या पिकाच्या लगत क्रीडांगण घेऊ नये. निदान ५ मीटर अंतर सोडावे व मध्ये चर काढावा. शोषखड्डा, गळकी टाकी व पाण्याची पाइपलाइनही दूर असावी. एका बाजूने ओल मिळत राहिली की तेवढीच बाजू फुगते.

४. मोठ्या झाडाची मुळे जमिनीतील पाणी ओढून घेतात व त्या बाजूची माती आकसते. झाडाच्या उंचीइतके तरी अंतर ठेवावे. निलगिरीच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. जवळचे जुने झाड तोडून लगेच काम सुरू करणेही योग्य नाही, कारण झाड गेल्यावर तेथील कोरडी माती हळूहळू ओल धरते व वर उचलली जाते.

५. क्रीडांगण भाड्याने द्यावयाचे असल्यास जमिनीच्या बिगरशेती वापराबाबतचे चालू नियम तहसील कार्यालयातून व बांधकामाबाबतचे नियम ग्रामपंचायतीतून आधी समजून घ्यावेत.

मातीची परीक्षा

निवडलेल्या जागी १ मीटर खोल खड्डा घेऊन अर्ध्या मीटरवरची व एक मीटरवरची माती वेगवेगळी काढावी. ती कडक वाळवून, बारीक कुटून, बारीक चाळणीने चाळावी. प्रत्येक नमुन्यातून १० ग्रॅमचे दोन भाग करावेत. १०० मिलिलीटरच्या खुणा असलेल्या दोन काचेच्या नळ्या घेऊन एका भागावर रॉकेल व दुसऱ्यावर शुद्ध पाणी ओतावे. ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत व २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हीतील फरकाला रॉकेलमधील मापाने भागून १०० ने गुणले की फुगण्याची टक्केवारी मिळते. उदाहरणार्थ, रॉकेलमध्ये माती १० मिलिलीटरवर व पाण्यात १८ मिलिलीटरवर थांबली, तर फुगण्याचे प्रमाण ८० टक्के झाले.

भारतीय मानकांनुसार ५० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास फुगण्याचे प्रमाण कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त व त्यावर अति जास्त समजतात. घरची परीक्षा अंदाजापुरती आहे. खर्चाचे काम असल्याने नेमका आकडा बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून घ्यावा. प्रमाण १०० टक्क्यांच्या वर आल्यास दुसरी जागा पाहणे शहाणपणाचे ठरेल. येथे दिलेली पद्धत कमी ते मध्यम फुगणाऱ्या मातीसाठी आहे.

कामाची वेळ

मे महिन्यात जमीन कोरडी, मजूर मोकळे आणि यंत्रे रिकामी असतात, म्हणून बरेच जण तेव्हाच काम उरकतात. काळ्या जमिनीसाठी ही वेळ सर्वांत वाईट आहे. तडकलेल्या कोरड्या मातीवर कितीही रोलर फिरवला तरी जुलैमध्ये ती पाणी पिऊन वर येते. पावसाळा संपल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात जमिनीला वाफसा असताना खोदाई करावी. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून टाकावा. गोळा दोन-तीन तुकड्यांत फुटला तर ओल योग्य आहे. त्याचा भुगा झाला तर माती कोरडी आहे आणि तो चपटा होऊन चिकटला तर जास्त ओली आहे.

पायाची बांधणी

येथे २० मीटर लांब व १२ मीटर रुंद, म्हणजे २४० चौरस मीटर (सुमारे अडीच गुंठे) क्रीडांगणाचा हिशेब दिला आहे. यात १३.४० × ६.१० मीटरचे बॅडमिंटनचे मैदान मोकळ्या जागेसह बसते व मुलांना क्रिकेट, फुटबॉलही खेळता येतो.

*खोदाई :* ४५ सेंटिमीटर खोल खोदावे. तळाला रुंदीच्या दिशेने १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर याप्रमाणे एकाच बाजूला उतार ठेवावा. म्हणजे १२ मीटरला १२ सेंटिमीटर उतार येतो. निघालेली माती सुमारे १०८ घनमीटर, म्हणजे जवळपास ३८ ब्रास भरते. ही माती फेकून न देता हलक्या, मुरमाड शेतात पसरावी. तेथे पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते.

*चुन्याची प्रक्रिया :* तळाच्या १५ सेंटिमीटर मातीत तिच्या कोरड्या वजनाच्या ४ टक्के भिजवलेल्या चुन्याची भुकटी मिसळावी. वरील क्षेत्राला ही माती साधारण ५४ टन भरते व त्यास सव्वादोन टनांच्या आसपास, म्हणजे ५० किलोच्या ४४ गोण्या चुना लागतो. मिसळण्यासाठी रोटाव्हेटर चांगला उपयोगी पडतो. पाणी शिंपडून एक दिवस तसेच ठेवावे, पुन्हा रोटाव्हेटर फिरवावा व मग रोलरने दाबावे. नंतर सात दिवस थर ओला ठेवावा. चुन्यामुळे मातीचा चिकटपणा व फुगणे कमी होते आणि पुढे थर कडक बनतो. चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. मजुरांना चष्मा, हातमोजे व तोंडाला फडके दिल्याशिवाय काम सुरू करू नये. वाऱ्याच्या दिवशी चुना पसरू नये. खारवट जमिनीत किंवा जिप्सम असलेल्या मातीत चुना वापरण्यापूर्वी प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा, कारण गंधकयुक्त क्षारांशी चुन्याचा संयोग होऊन माती उलट जास्त फुगू शकते.

*मुरमाचा थर :* मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर केलेल्या संशोधनातून असे दाखवले, की न फुगणाऱ्या परंतु थोड्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर वर दिल्यास खालच्या काळ्या मातीचे फुगणे आटोक्यात राहते. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. तेथे हा थर बराच जाड, एक मीटरच्या घरात असतो. आपल्या हलक्या कामासाठी चुन्याच्या थरावर ४० सेंटिमीटर मुरूम तीन थरांत द्यावा. प्रत्येक थर वाफशाइतका ओला करून दाबावा. कोपऱ्यात रोलर पोहोचत नाही तेथे धुम्मस वापरावा. दाबल्यानंतरची जाडी ४० सेंटिमीटर येण्यासाठी सैल मुरूम सुमारे ४२ ब्रास लागतो. मुरमाचीही रॉकेलची परीक्षा घ्यावी. पांढऱ्या किंवा हिरवट चिकणमातीच्या गाठी असलेला मुरूम नाकारावा.

खड्ड्यात नुसती वाळू भरण्याची चूक करू नये. वाळूतून पाणी सहज खाली जाते, काळ्या मातीच्या तळाशी साठते आणि क्रीडांगणाखाली जणू पाण्याने भरलेली कढई तयार होते.

*पाणी अडवणारा कागद :* कृत्रिम हिरवळीच्या पाठीला भोके असतात, त्यामुळे पावसाचे पाणी तिच्यातून खाली उतरते. हे पाणी मुरमात व काळ्या मातीत जाता कामा नये. यासाठी शेततळ्याला वापरतात तोच ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद उताराच्या मुरमावर अंथरावा. त्याच्या खाली व वर न विणलेल्या जिओटेक्स्टाइल कापडाचा थर द्यावा, जेणेकरून खडी टोचून कागद फाटणार नाही. क्रीडांगणाच्या चारही बाजूंना १ मीटर खोल अरुंद चर घेऊन त्यात हाच कागद उभा सोडावा व चर मुरमाने दाबून बुजवावा. या उभ्या पडद्यामुळे बाजूने ओल आत येणे व उन्हाळ्यात बाहेर जाणे दोन्ही कमी होते. आडवा व उभा कागद एकमेकांस यंत्राने तापवून जोडावा. जोड व कडा धरून सुमारे ३४० चौरस मीटर कागद लागतो.

*खडी :* कापडावर ४० मिलिमीटर खडीचा १५ सेंटिमीटर व त्यावर बारीक खडीचा ५ सेंटिमीटर थर दाबून द्यावा. सैल मापाने अनुक्रमे सुमारे १६ व ५ ब्रास लागेल. उताराच्या खालच्या कडेला कागदावरच भोके असलेला पाइप ठेवून त्याचे तोंड बाहेरच्या चरात सोडावे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लीटर पाणी. ५० मिलिमीटरच्या एका सरीत या क्रीडांगणावर १२,००० लीटर पाणी पडते. ते कोठे जाणार हे आधीच ठरवावे. चर क्रीडांगणापासून दूर नेऊन ओढ्याकडे किंवा उताराकडे काढावा.

खडीऐवजी काँक्रीटचा कोबा करावा काय, असे अनेकजण विचारतात. कोबा ताठ असतो. खालून माती उचलली गेली की त्याला तडे जातात आणि तो दुरुस्त करणे म्हणजे फोडून नवा करणे होय. खडीचा थर थोडा सरकला तरी गालिचा उचलून तेवढी जागा पुन्हा सपाट करता येते. काळ्या जमिनीवर दुरुस्त होऊ शकणारी बांधणी श्रेयस्कर.

*जाळीचे खांब :* खांब क्रीडांगणाच्या कडेबाहेर घ्यावेत, म्हणजे कागदाला भोक पडणार नाही. उथळ पाया काळ्या जमिनीत उचलला जातो. पाया निदान दीड मीटर खोल असावा. जाळीवर वाऱ्याचा मोठा जोर येतो, म्हणून खांबांचा आराखडा स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावा.

एक पावसाळा थांबावे

शक्य असल्यास खडीपर्यंतचे काम हिवाळ्यात पूर्ण करून एक पावसाळा जाऊ द्यावा. काम संपल्यावर कडेला व मध्यभागी मिळून नऊ ठिकाणी खुणा करून पाण्याच्या लेव्हल नळीने पातळी नोंदवून ठेवावी. दिवाळीनंतर त्याच ठिकाणी पुन्हा मोजावी. ३ मीटर लांब सरळ पट्टी पृष्ठभागावर ठेवल्यास तिच्याखाली १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. जेथे फट जास्त आहे तेथे खडी काढून-घालून जागा सारखी करावी. ठेकेदार घाई करील, परंतु गालिच्याची रक्कम एक पावसाळा हातात राखून ठेवणे मालकाच्या हिताचे आहे.

गालिचा व वाळू

अनेक खेळ खेळावयाचे असल्यास सुमारे २० मिलिमीटर उंचीच्या पात्यांचा, वाळू भरावयाचा गालिचा घ्यावा. फुटबॉलसाठीच्या गालिच्याची पाती साधारण ४० ते ५० मिलिमीटर असतात. पट्टे सहसा ४ मीटर रुंद मिळतात. १२ मीटर लांबीचे पाच पट्टे आडवे टाकल्यास वरील क्षेत्र वाया न जाता झाकले जाते. सर्व पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला असावा. जोडाखाली पट्टी व शिफारस केलेला डिंक वापरावा. दव असताना जोडकाम करू नये.

पात्यांमध्ये धुतलेली, गोल कणांची, कोरडी सिलिका वाळू भरावी. २० मिलिमीटरच्या गालिच्याला साधारण दर चौरस मीटरला २० किलो, म्हणजे एकूण ५ टनांच्या आसपास वाळू लागते. उत्पादकाने दिलेले प्रमाण प्रमाण मानावे. जुन्या टायरच्या रबराचे दाणे शेताजवळ टाळावेत. पावसाबरोबर ते चरात, शेतात व विहिरीत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकबाबत नियम करून अशा दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीने बंद करण्याचे ठरवले आहे. वाळू भरली तरी गालिच्याची पाती झिजून धागे सुटतात, म्हणून चराच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी व क्रीडांगणाचे पाणी विहीर पुनर्भरणाला कधीही वापरू नये.

निगा

• आठवड्यातून एकदा झाडून पाला, माती काढावी. पाला कुजला की पाण्याची भोके बुजतात.
• महिन्यातून एकदा कडक ब्रशने पाती उभी करावीत व वाळू सारखी करावी.
• मे अखेर चर व पाइप साफ करावेत. पहिल्या मोठ्या पावसात पाणी बाहेर पडते की नाही हे प्रत्यक्ष पाहावे.
• दरवर्षी मे व ऑक्टोबरमध्ये नऊ खुणांची पातळी नोंदवावी. एखादी कडा सतत उचलली जात असेल तर त्या बाजूला पाणी कोठून येते ते शोधावे. नुसती खडी बदलून उपयोग होत नाही.
• कृत्रिम हिरवळ उन्हात फार तापते. पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. उन्हाळ्यात लहान मुलांना दुपारी अनवाणी खेळू देऊ नये.
• खराब झालेला गालिचा जाळू नये व शेतात गाडूही नये. खरेदी करतानाच जुना माल परत घेण्याबाबत विक्रेत्याशी लेखी बोलणे करावे.

कमी खर्चाचा पर्याय

सर्वांनाच कृत्रिम हिरवळीची गरज नाही. कबड्डीचे १३ × १० मीटरचे मैदान दाबलेल्या मुरमावर बारीक माती पसरून उत्तम होते व खो-खोही मातीवरच चांगला खेळला जातो. मातीचे मैदान हलले तरी दिवाळीनंतर कुळव, पाणी व रोलर फिरवून पुन्हा सारखे करता येते. हिरवळ हवी असल्यास शेतात नकोशी वाटणारी हरळी मैदानावर मात्र उपयोगी पडते. मात्र ती क्रीडांगणाबाहेर पिकात पसरणार नाही यासाठी कडेने चर ठेवावा. मातीची परीक्षा १०० टक्क्यांच्या वर गेली असेल आणि दुसरी जागा नसेल, तर हाच मार्ग स्वीकारावा.

थोडक्यात

जागा बरड निवडावी, माती तपासावी, वाफशावर खोदाई करावी, तळाला चुना व वर न फुगणारा मुरूम द्यावा, पाणी कागदावरून बाहेर काढावे, बाजूची ओल उभ्या कागदाने अडवावी आणि एक पावसाळा पाहूनच गालिचा टाकावा. ठेकेदाराचे दरपत्रक हातात आल्यावर गालिच्याचा रंग व जाडी पाहण्याआधी त्यात खोदाई, मुरूम, कागद व चर यांची मापे लिहिली आहेत काय ते वाचावे. ती नसतील तर लेखी मागून घ्यावीत आणि मगच विसार द्यावा.